रणभूमीचे चित्र आणि चित्रकाराची जागा

साक्षीदाराची उलटतपासणी सुरू झाली की पहिल्या काही प्रश्नांतच एक प्रश्न हटकून येतो : घटना घडली तेव्हा तुम्ही कोठे उभे होता? अंतर किती होते, उजेड कसा होता, मध्ये काही आडोसा होता काय, हे प्रश्न त्यामागून येतात. साक्षीदार प्रामाणिक असला तरी तो जेथे उभा होता तेथून जे दिसणे शक्य होते तेवढेच तो सांगू शकतो. युद्धाच्या चित्रांना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यांचा इतिहास शैलींचा, रंगांचा आणि संप्रदायांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु युद्धाचे चित्र हे एका घटनेविषयीचे विधान असते. अमुक दिवशी अमुक भूमीवर माणसांनी माणसांना मारले, असे ते सांगते. आणि पुष्कळदा तेवढ्यावर न थांबता, जे झाले ते योग्यच झाले असेही सुचवते. विधान म्हटले की ते करणाराची तपासणी आलीच. चित्रकार कोठे उभा आहे, त्याला कोणी बोलावले आहे, आणि त्याच्या चौकटीत कोण आलेले नाही, हे तीन प्रश्न घेऊन गेल्या पाच शतकांतील काही निवडक चित्रांकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. चित्रकाराची जागा हळूहळू खाली येत गेली आहे. आकाशातून टेकडीवर, टेकडीवरून प्रेतांच्या ओळीत, आणि अखेरीस माणूसच उरलेला नाही अशा चिखलात.

आरंभ आकाशातून करू. बव्हेरियाचा ड्यूक विल्हेल्म चौथा याच्यासाठी आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर याने १५२९ साली इससच्या लढाईचे चित्र पुरे केले. इसवी सनापूर्वी ३३३ साली शिकंदराने दारियसचा पराभव केला, तोच हा प्रसंग. रेगेन्सबुर्ग नगराचे प्रमुखपद चालून आले असता ड्यूकचे काम हाती आहे म्हणून या चित्रकाराने ते नाकारले, अशी नोंद आहे. आज म्युनिकमध्ये असलेला हा फलक जेमतेम दीड मीटर उंचीचा. परंतु त्यात हजारो सैनिक, भाल्यांचे रान, तंबूंची छावणी, डोंगर, समुद्र, सायप्रसचे बेट, आणि पलीकडे नाईलची मुखे एवढे सारे सामावले आहे. वर एका बाजूला मावळता सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. एवढे दृश्य जगातील कोणत्याही टेकडीवरून दिसणे शक्य नाही. ते देवाच्याच डोळ्याला दिसावे. आकाशात लोंबणाऱ्या एका पाटीवर मेलेल्या पर्शियनांचा आकडा लिहिलेला आहे : पायदळ एक लाख, घोडेस्वार दहा हजारांहून अधिक. मात्र त्या एक लाखांतील एकाचेही मरण चित्रात आपल्या मनाला लागत नाही, कारण आपण फार उंचावर आहोत. पर्शियनांच्या डोक्यांवर तुर्की पद्धतीच्या पगड्या आहेत. त्याच वर्षी तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता, हे आठवले की अठराशे वर्षांपूर्वीची लढाई ड्यूकला का हवी होती, याचा उलगडा होतो.

चित्रकार प्रत्यक्ष रणभूमीवर गेला तर साक्ष आपोआप खरी होते, असे कोणास वाटेल. त्यासाठी पुढचेच उदाहरण पाहावे. १५३५ साली सम्राट चार्ल्स पाचवा याने ट्यूनिसवर मोहीम काढली तेव्हा यान कोर्नेलिस फेरमेयन नावाचा चित्रकार त्याने बरोबर नेला. फेरमेयनने जागेवर रेखाटने केली, त्यांवरून पुढे मोठे नमुनापट तयार केले, आणि ब्रुसेल्सच्या विलेम द पन्नेमाकर याच्या मागांवर त्यांचे भव्य विणपट झाले. काही पटांत फेरमेयनने स्वतःलाही हातात वही घेऊन रेखाटन करताना दाखवले आहे. जणू साक्षीच्या तळाशी सही केली आहे. पहिला पट तर नकाशाच आहे, आणि पाहणाऱ्याने आपण बार्सिलोनाच्या बाजूला उभे आहोत असे समजून तो पाहावा, अशी सूचना त्यावर विणलेली आहे. चित्रकाराने पाहणाऱ्याची जागा इतक्या उघडपणे नेमून दिल्याची उदाहरणे थोडी. ती जागा अर्थातच सम्राटाच्या आरमाराची आहे. ट्यूनिसची लूट आणि गुलाम म्हणून विकले जाणारे नागरिक हेही या पटांत आहेत. परंतु ते विजयाच्या हिशोबातील जमेची रक्कम म्हणून आहेत. साक्षीदार डोळस होता, कुशल होता. पण पक्षकाराने आणलेला होता.

या मोहिमेचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो. ट्यूनिसवर गेलेल्या पोर्तुगीज तुकडीत दों जुआंव द काश्त्रु हा सरदार होता. हाच पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला. १५४६ साली दीवचा वेढा मोडून त्याने गुजरातच्या सैन्याचा पराभव केला, आणि १५४७ च्या एप्रिलमध्ये रोमन सेनापतींच्या थाटात, मस्तकावर पर्णमुकुट घालून, गोवा शहरात विजयप्रवेश केला. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ब्रुसेल्समध्येच त्याच्या पराक्रमाचे विणपट तयार झाले. ते आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. त्यांत दीवची लढाई आहे आणि गोव्यातील मिरवणूकही आहे. ज्या मागांनी हे दृश्य विणले ते मांडवीपासून हजारो कोस दूर होते. न्यायाच्या भाषेत हा ऐकीव पुरावा. आणि तोही विजेत्याच्या तोंडून ऐकलेला. दीवच्या तटाखाली गुजरातच्या बाजूने मेलेल्यांचे म्हणणे त्या मागांपर्यंत पोहोचण्यास वाटच नव्हती.

याच काश्त्रुने पूर्वीच्या गव्हर्नरांची चित्रे काढविली. त्या कामात गाश्पार कोर्रेय या इतिहासलेखकाने लक्ष घातले, आणि प्रत्यक्ष रंगकाम एका देशी चित्रकाराने केले, असे कोर्रेयनेच लिहून ठेवले आहे. अनेकदा पुन्हा रंगविली गेलेली ती चित्रमालिका जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात आजही पाहावयास मिळते. गव्हर्नरांची नावे चित्राखाली आहेत. त्यांना रंगरूप देणाऱ्या माणसाचे नाव मात्र उरले नाही. ज्याच्या हातात कुंचला होता त्याच्या डोळ्यांनी दीवची लढाई कशी दिसली असती, हा प्रश्न त्या दालनात उभे राहिल्यावर मनात आल्याखेरीज राहत नाही.

राजाश्रयातील प्रत्येक साक्ष सारख्याच किमतीची असते, असे मात्र नाही. पुराव्याच्या शास्त्रात एक जुना विवेक आहे : माणूस स्वतःच्या हिताविरुद्ध जाणारी गोष्ट सांगतो तेव्हा तिला अधिक वजन द्यावे. अकबरनाम्याच्या राजप्रतीतील चितोडच्या वेढ्याचे चित्र या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयातील या दोन पानी चित्राची मांडणी मिस्किन या चित्रकाराची. १५६७ च्या डिसेंबरात मोगलांनी किल्ल्याच्या तटाखाली दोन सुरुंग भरले. पहिला उडताच सैनिक खिंडाराकडे धावले, आणि तेवढ्यात दुसरा उडाला. बादशहाची सुमारे दोनशे माणसे जागच्या जागी मेली. मिस्किनने वेढ्यातून निवडला तो नेमका हा क्षण. दगड आणि देह एकत्र उडत आहेत. खाली तोफा आहेत, तटाकडे सरकत जाणारा झाकलेला मार्ग आहे, आणि तो बांधणारे मजूरही आहेत. खर्ची पडणारा माणूस येथे चौकटीत आला. त्याच ग्रंथात किल्ल्यातील जोहाराच्या ज्वाळांचेही चित्र आहे. तरीही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. चितोड पडल्यावर जी कत्तल झाली तिचा तीस हजारांचा आकडा अबुल फजलने लिहिला आहे. आल्टडॉर्फरच्या पाटीप्रमाणे येथेही मोठी संख्या अक्षरांतच राहिली.

आपल्या मराठी मनाला सर्वांत जवळची रणभूमी पानिपतची. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईचे एक प्रसिद्ध चित्र लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. ते फैजाबादच्या शैलीतील, १७७० च्या सुमाराचे. फैजाबाद ही तेव्हा शुजाउद्दौल्याची राजधानी, आणि शुजाउद्दौला त्या दिवशी अब्दालीच्या बाजूने उभा होता. म्हणजे पानिपत आपल्याला रंगांत दिसते ते समोरच्या छावणीतून. हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष फेकून देऊ नये, पण ती सावधपणे वाचावी, एवढेच येथे म्हणता येईल. गंमत अशी की, शब्दांतील एक महत्त्वाची साक्षही त्याच छावणीतून आलेली आहे. शुजाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडित या दक्षिणी ब्राह्मणाने फारसीत लिहिलेला वृत्तांत इतिहासकारांना आजही टाळता येत नाही. उभा एका बाजूला आणि जीव गुंतलेला दुसऱ्या बाजूला, असा हा साक्षीदार.

मराठ्यांची स्वतःची साक्ष मुख्यतः शब्दांत आहे. भाऊसाहेबांची बखर, पोवाडे, आणि मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक भाषेत दक्षिणेकडे गेलेली ती वार्ता. चित्र काढून घेण्यास विजय लागतो, फुरसत लागते, आणि भिंतीवर ते दृश्य रोज पाहण्याची इच्छा लागते. पराभूताजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्याजवळ असते ती हानीची यादी, आणि यादी शब्दांतच होते.

विजेत्याच्या भिंतीवरही हानी कधीकधी कशी शिरते, याचे नवलाचे उदाहरण म्हणजे ग्रोचे आयलाऊ. ८ फेब्रुवारी १८०७ रोजी प्रशियातील आयलाऊ गावापाशी नेपोलियन आणि रशियन सेना यांची गाठ पडली. हिमवर्षावात दोन्हीकडची हजारो माणसे पडली आणि निर्णय धड कोणाच्याच बाजूने लागला नाही. युरोपभर कुजबूज सुरू झाली. तेव्हा नेपोलियनच्या संग्रहालयांचा प्रमुख देनों याने चित्रकारांची स्पर्धाच जाहीर केली. विषय ठरवून दिलेला होता : लढाईच्या दुसऱ्या दिवशी जखमींची विचारपूस करीत फिरणारा दयाळू सम्राट. कोणत्याही पक्षकाराने साक्षीदाराला इतक्या काळजीपूर्वक पढविले नसेल. आंत्वान झां ग्रो ही स्पर्धा जिंकला, आणि १८०८ मध्ये सुमारे आठ मीटर रुंदीचे ते चित्र पॅरिसमध्ये लोकांपुढे आले. सम्राट मध्यभागी घोड्यावर आहे, हात पुढे केलेला आहे, मुद्रा कनवाळू आहे. सारे आज्ञेप्रमाणे. परंतु चौकटीच्या अगदी खालच्या कडेला, पाहणाऱ्याच्या छातीशी येतील अशी, जीवमानाहून मोठी प्रेते ग्रोने रचली आहेत. बर्फात अर्धवट गाडलेली, काळीनिळी. सम्राटापर्यंत नजर पोहोचायची तर ती त्या प्रेतांवरूनच जाते. पढविलेला साक्षीदार पढविलेले सर्व बोलला आणि शिवाय आपण पाहण्याजोगे काय आहे तेही बोलून गेला. नेपोलियनने त्याला सन्मानपदक दिले. सम्राटाला चित्रात स्वतःपलीकडे काय दिसले, हे इतिहासाला ठाऊक नाही.

त्याच सुमारास फ्रेंच सेना स्पेनमध्ये शिरल्या होत्या. तेथे फ्रान्सिस्को गोया वयाच्या साठीत, ठार बहिरा झालेला, ताम्रपत्रांवर युद्धाची भीषणता कोरीत होता. १८१० ते १८२० या काळात ती पत्रे तयार झाली. त्यांना पक्षकार नव्हता, गिऱ्हाईक नव्हते. गोयाच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १८६३ साली, ती प्रथम प्रसिद्ध झाली. पळून जाणाऱ्या गावकऱ्यांच्या एका चित्राला त्याने नाव दिले आहे, ‘मी हे पाहिले’. मालिकेतील प्रत्येक प्रसंग त्याने स्वतः पाहिलेला नसावा. पण हे एक नाव शपथपत्रासारखे आहे. येथे भूमीकडेही पाहावे. समुद्र, शहरे, तंबू, निशाणे सर्व नाहीसे झाले आहे. उरली आहे एखादी उजाड टेकडी, एखादे तुटके झाड. आणि त्या झाडाला बांधलेले, तोडलेले मानवी देह. झाड हे निसर्गाची शोभा राहिलेले नाही, ते वधस्तंभ झाले आहे. कोण फ्रेंच आणि कोण स्पॅनिश हेही पुष्कळदा कळत नाही, आणि कळावे अशी गोयाची इच्छाही दिसत नाही.

इंग्लंडचा टर्नर १८१७ साली वॉटर्लूचे मैदान पाहून आला. लढाईला दोन वर्षे झाली होती. १८१८ मध्ये त्याने मांडलेल्या चित्रात वेलिंग्टन नाही आणि नेपोलियनही नाही. रात्र आहे, दूर एक वाडा जळतो आहे, आणि मशालीच्या उजेडात काही स्त्रिया प्रेतांच्या ढिगात आपले माणूस शोधत आहेत. ढिगात दोन्ही सैन्यांचे गणवेश एकमेकांत मिसळलेले आहेत. विजयी राष्ट्राच्या चित्रकाराने विजयाच्या चित्रातून विजयच वगळला. आजवर चौकटीबाहेर ठेवलेली माणसे, म्हणजे मेलेल्याच्या घरची माणसे, येथे मशाल घेऊन मध्यभागी आली.

वासिली व्हेरेश्चागिन हा रशियन चित्रकार स्वतः लढलेला. १८६८ साली समरकंदच्या वेढ्यात दाखवलेल्या शौर्याबद्दल त्याला पदक मिळाले होते. १८७१ साली त्याने काढलेल्या प्रसिद्ध चित्रात मध्य आशियातील करपलेल्या माळावर मानवी कवट्यांचा ढीग आहे. मागे ओसाड नगर, निष्पर्ण झाडे, वर कावळे. भूत, वर्तमान आणि भविष्य काळांतील सर्व थोर दिग्विजयी वीरांना हे चित्र त्याने चौकटीवरच अर्पण केले. त्याच्या काही चित्रांवर सैन्याची बदनामी केल्याचा आरोप झाला, तेव्हा संतापाने त्याने त्यांतील तीन जाळून टाकली. त्यानंतर तो हिंदुस्थानात येऊन हिमालयापर्यंत भटकला. पुढे १९०४ मध्ये रुसो-जपानी युद्ध पाहण्यास गेला असता पोर्ट आर्थरजवळ सुरुंगाने बुडालेल्या युद्धनौकेवर त्याचा अंत झाला. साक्षीदाराने घटनास्थळ सोडले नाही.

पहिल्या महायुद्धात हा उतार पायथ्याशी येऊन पोहोचला. पॉल नॅश हा मूळचा इंग्लंडच्या झाडांचा आणि टेकड्यांचा चित्रकार. १९१७ साली तो अधिकारी म्हणून बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर होता. मे महिन्यात खंदकात पडून बरगडी मोडल्याने त्याला परत पाठवण्यात आले. त्याच वर्षाअखेर सरकारी युद्धचित्रकार म्हणून तो पुन्हा तेथे गेला. मधल्या काळात पाशेंडालची लढाई होऊन गेली होती. १९१८ च्या त्याच्या चित्रात एक छोटी राई आहे, किंवा होती असे म्हणावे लागेल. झाडांचे खुंट उरले आहेत. तोफगोळ्यांनी उलथलेली माती लाटांसारखी गोठली आहे. रक्तवर्णी ढगांच्या वर फिकट सूर्य उगवतो आहे. एकही माणूस नाही, प्रेतही नाही. चित्राचे नाव ‘आम्ही नवे जग घडवीत आहोत’. पक्षकार येथेही सरकारच होते. पण दाखवण्यासारखा सेनापती नव्हता, टेकडी नव्हती, क्षितिजावर शत्रूही नव्हता. दूर अंतरावरून तोफा डागणाऱ्या युद्धात समोरासमोर उभे राहणे संपले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मारणारा आणि मरणारा एकाच चौकटीत मावेनासे झाले होते, हे खरे. तेव्हा साक्ष द्यायला जमीनच तेवढी राहिली.

त्याच महायुद्धात आपली माणसे दुसऱ्या एका भूमीवर मरत होती. मेसोपोटेमियात कूत येथे वेढली गेलेली सहावी पुणे डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमार आणि नंतरची वाळवंटातील पायपीट यांतून किती घरी परतले, याचा हिशोब कोकणच्या आणि देशावरच्या अनेक घरांनी मनातच ठेवला. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला ज्यांचा वारसा आहे, त्या या पलटणी. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, सिडनी आणि रिचर्ड कार्लाइन हे दोघे चित्रकार भाऊ ब्रिटिश युद्धसंग्रहालयासाठी मध्यपूर्वेत पाठवले गेले. त्यांनी पाहिलेला प्रदेश मुख्यतः विमानातून पाहिलेला आहे. खाली सोनेरी वाळवंट, वर विस्तीर्ण आकाश. चित्रे सुंदर आहेत. परंतु आल्टडॉर्फरची उंची येथे परत आली, ती देवाची म्हणून नव्हे तर यंत्राची म्हणून. आणि या उंचीवरून कूतच्या वाटेवर कोसळलेला रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा शिपाई दिसण्याचा संभव नाही. त्यांची नावे स्मारकांच्या दगडांवर आहेत. चित्रात ते नाहीत.

याचा अर्थ उंचावरून काढलेली सर्व चित्रे खोटी आणि चिखलातून काढलेली तेवढीच खरी, असा नव्हे. पिकासोने १९३७ साली गेर्निकाच्या बाँबहल्ल्याचे चित्र काढले तेव्हा तो पॅरिसमध्ये होता. हकीकत त्याने वर्तमानपत्रांतून वाचली होती. ऐकीव पुराव्यावरही त्याने शतकातील सर्वांत प्रभावी साक्ष उभी केली, कारण त्याने उभे राहण्यासाठी निवडलेली जागा विमानाची नव्हती, खाली सापडलेल्या आईची होती. जागा म्हणजे केवळ पायाखालची भूमी नव्हे. ती निवड आहे. फेरमेयन रणांगणावर असूनही सम्राटाच्या जहाजावरून उतरला नाही, आणि पिकासो शेकडो मैल दूर असूनही ढिगाऱ्याखाली होता.

आपल्याकडे लढायांची चित्रे शाळेच्या पुस्तकांतून, दिनदर्शिकांतून आणि दिवाणखान्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पाहिली जातात. उगारलेली तलवार, उधळलेला घोडा, फडकणारा जरीपटका. त्या पराक्रमाबद्दलचा आदर सोडण्याचे कारण नाही. परंतु मुलाला असे चित्र दाखवताना, हे कोणी काढविले, कोठून पाहून काढले, आणि यात कोण आलेले नाही, एवढे तीन प्रश्न त्याला विचारावयास शिकविले, तर त्याचा स्वाभिमान कमी होणार नाही. त्याची न्यायबुद्धी मात्र वाढेल. उद्या कोणी त्याला नव्या लढाईचे चित्र दाखवून उठवू लागला, तर ते प्रश्न त्याच्या उपयोगी पडतील.

पानिपतच्या मैदानावर काळा आंबा म्हणून एक जागा आहे. रक्ताने भिजलेल्या त्या मातीतील आंब्याचे झाड काळवंडले, अशी परंपरा सांगते. झाड आता नाही, तेथे स्मारक आहे. कोणा चित्रकाराने ते झाड रंगविले नाही. लोकांनी मात्र, सेनापती विसरून, निशाणे विसरून, तेवढे एक झाड लक्षात ठेवले. नॅशच्या खुंटांच्या दीडशे वर्षे आधी आपल्या लोकस्मृतीनेही तीच साक्ष नोंदवून ठेवली होती.